दुखण्याला नाव मिळेपर्यंत : फायब्रोमायल्जियाच्या ओळखीचा इतिहास

सकाळी डोळा उघडतो तोच अंग मोडून आलेले असते. रात्रभर झोप लागली तरी झोप झाली असे वाटत नाही. आज मान आणि खांदे ठणकतात, उद्या कंबर आणि मांड्या. कुणी सहज दंडाला धरले तरी कळ येते. गॅसवर दूध ठेवले आहे हे ध्यानात राहत नाही, बोलता बोलता ओळखीचा शब्द सुचत नाही. रक्त तपासले, लघवी तपासली, एक्स-रे काढला. सगळे नॉर्मल. मग निकाल घरातच लागतो. कुणी म्हणते नजर लागली, कुणी म्हणते काम टाळण्याचे बहाणे आहेत. एखादी बुजुर्ग बाई म्हणते की हा वहम आहे, आणि वहमाची दवा लुकमान हकिमाकडेही नव्हती.

आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात अशी एखादी खाला, आपा किंवा भाबी असतेच. पुरुषही असतात, पण ते सांगत नाहीत. यांतल्या काहींना जो आजार असतो त्याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. हा शब्द १९७६ सालचा आहे, दुखणे मात्र त्याहून फार जुने. या दुखण्याला नाव मिळेपर्यंत वैद्यकशास्त्र ज्या वळणांवरून गेले ती सारी वळणे आजही आपल्या घराघरांत दिसतात. आधी सूज शोधायची, ती सापडली नाही की मनाचा आजार म्हणायचे, आणि फार उशिरा दुखणाऱ्या माणसाचे ऐकायचे. म्हणून हा इतिहास नुसत्या डॉक्टरांनी नव्हे, आपणही वाचायला हवा.

कानूनमधल्या पंधरा वेदना

दुखणे सांगायला शब्द लागतात. मराठीत ठणका, कळ, चमक, कणकण, शिणवटा असे कितीतरी शब्द आहेत. उर्दूत टीस आहे, चुभन आहे, बदन टूटना आहे. भाषा शिकवणाऱ्याला ठाऊक असते की हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. डॉक्टरसमोर मात्र आपण सगळे एकाच शब्दात गुंडाळतो, 'अंग दुखतंय'.

इब्न सीना (९८०–१०३७) यांनी 'अल-कानून फित्-तिब्ब' या ग्रंथात वेदनेचे पंधरा प्रकार सांगितले. टोचणारी, ठणकणारी, ताणणारी, दाबणारी, फाडणारी, जड वाटणारी असे ते प्रकार आहेत आणि त्यांत थकव्याची वेदना वेगळी नोंदवली आहे. वेदना का होते यावरही त्यांनी जालीनूसशी, म्हणजे युरोप ज्याला गॅलन म्हणतो त्याच्याशी, मतभेद नोंदवला. जालीनूसच्या मते वेदनेचे कारण एकच, शरीराच्या सलगपणात पडलेला खंड. काही तरी तुटले, फाटले, चिरले म्हणून दुखते. इब्न सीना म्हणतात की मिजाजात अचानक झालेला विपरीत बदलही स्वतःहून वेदना देऊ शकतो, त्याला जखमच हवी असे नाही.

यावरून कुणी लगेच 'आमच्या हकिमांना हजार वर्षांपूर्वी फायब्रोमायल्जिया माहीत होता' असे म्हणू नये. तसे म्हणणे इतिहासावर अन्याय होईल. मिजाज आणि आजचे मज्जाशास्त्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पण जखम दिसत नसतानाही वेदना खरी असू शकते, हा विचार वैद्यकात जुना आहे एवढे निश्चित. तो मधल्या काळात मागे पडला.

गाठी आणि सुजेचा शोध

एकोणिसाव्या शतकातील युरोपात शवविच्छेदन आणि सूक्ष्मदर्शक यांनी वैद्यकाचा चेहरा बदलला. आजार म्हणजे शरीरात कुठेतरी दिसणारा बिघाड, अशी धारणा पक्की झाली. १८१० च्या दशकात एडिंबरोच्या विल्यम बाल्फोर यांनी स्नायूंच्या दुखण्यात हाताला लागणाऱ्या गाठींचे वर्णन केले. १८४१ मध्ये पॅरिसच्या फ्रान्स्वा वाले यांनी शिरांच्या दुखण्यावरील ग्रंथात दाबल्यावर दुखणारे ठरावीक बिंदू नोंदवले. दुखरे बिंदू बोटाने शोधण्याची पद्धत पुढे दीडशे वर्षांनी पुन्हा महत्त्वाची ठरणार होती.

१९०४ मध्ये लंडनचे मज्जातज्ज्ञ विल्यम गावर्स यांनी कंबरदुखीवर व्याख्यान दिले. स्नायूंमधल्या तंतुमय भागाला सूज येते म्हणून हे दुखणे होते, असे त्यांचे मत होते. त्याला त्यांनी 'फायब्रोसायटिस' हे नाव दिले. वैद्यकात नावाच्या शेवटी 'आयटिस' आले की सूज समजायची. त्याच वर्षी ग्लासगोच्या राल्फ स्टॉकमन यांनी रुग्णांच्या गाठींचे तुकडे तपासून त्यांत सूज दिसल्याचे जाहीर केले. प्रश्न सुटला असे वाटले. पण इतरांनी तसेच तुकडे तपासले तेव्हा त्यांना ती सूज सापडेना. नाव राहिले आणि त्याचा आधार गेला. पुढची सत्तर वर्षे डॉक्टर 'फायब्रोसायटिस' लिहीत राहिले, आणि बऱ्याच वेळा त्याचा अर्थ 'काय आहे कळत नाही' एवढाच असे.

'सगळे मनाचे आहे'

सूज सापडली नाही की दुसरा मार्ग तयारच होता. १८६९ मध्ये अमेरिकेचे जॉर्ज बिअर्ड यांनी 'न्यूरॅस्थेनिया' हे निदान लोकप्रिय केले. मज्जासंस्थेची शक्ती संपली की थकवा, अंगदुखी, डोकेदुखी, निद्रानाश होतो, असे ते मांडत. त्याच काळात फिलाडेल्फियाचे सायलस वेअर मिचेल यांचा 'विश्रांती उपचार' गाजला. बाईला अनेक आठवडे अंथरुणात ठेवायचे, भरपूर खाऊ घालायचे, वाचन नाही, लेखन नाही, भेटीगाठी नाहीत. अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांनी हा उपचार स्वतः भोगला आणि त्यावर 'द यलो वॉलपेपर' ही कथा लिहिली, ती १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या कथेतल्या बाईचा नवराच डॉक्टर आहे. तो प्रेमळ आहे, पण तिचे ऐकत नाही. आज आपल्याकडे बाईला विश्रांती मिळत नाही ही तक्रार असते, तिथे विश्रांतीचीच शिक्षा झाली. दोन्हीकडे तिला काय हवे हे कुणी विचारलेले नाही.

दुसऱ्या महायुद्धात अंगदुखीने हैराण झालेले सैनिक लष्करी इस्पितळांत आले. त्यांच्या सांध्यांत काही सापडेना. १९४३ मध्ये बोलँड आणि कॉर या अमेरिकी डॉक्टरांनी अशा दुखण्याला 'मनोजन्य संधिवात' म्हटले. म्हणजे बायकांना लागणारा शिक्का आता सैनिकांवरही बसला.

मनाचा आणि वेदनेचा संबंध नाही असे मला म्हणायचे नाही. चिंता, दुःख, भीती यांनी वेदना वाढते, आणि रोजच्या वेदनेने माणूस उदास होतो. पण 'मनाशी संबंध आहे' आणि 'खोटे आहे' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आपल्या घरांत पहिले वाक्य बोलले जाते आणि दुसरे ऐकले जाते.

झोप, एक नवे नाव आणि डॉ. युनूस

वळण आले ते १९७० च्या दशकात. टोरंटोचे हार्वी मोल्डोफ्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी या रुग्णांच्या झोपेतल्या मेंदूलहरी तपासल्या. गाढ झोपेच्या संथ लहरींमध्ये जागेपणीच्या लहरी घुसत होत्या. मग त्यांनी निरोगी माणसांची गाढ झोप काही रात्री मुद्दाम मोडली. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात दिसले की त्या निरोगी माणसांचेही स्नायू दुखू लागले आणि त्यांना थकवा आला. झोप पूर्ववत झाल्यावर त्रास ओसरला. स्नायूत सूज नव्हती, पण झोपेत बिघाड होता. तो कागदावर उमटत होता.

१९७६ मध्ये फिलिप काहलर हेंच यांनी 'फायब्रोमायल्जिया' हा शब्द वापरला. तंतू, स्नायू आणि वेदना या अर्थाच्या लॅटिन व ग्रीक शब्दांपासून तो बनला. यात 'आयटिस' नाही, म्हणजे सुजेचा दावा सोडून दिला. या हेंच यांचे वडील फिलिप शोवॉल्टर हेंच यांना संधिवातावरील कॉर्टिसोनच्या कामाबद्दल १९५० चे नोबेल मिळाले होते. वडिलांच्या औषधाने सुजलेले सांधे मोकळे झाले. मुलाने ज्या आजाराला नाव दिले त्यात सूज नसल्यामुळे त्या जातीची औषधे, म्हणजे स्टिरॉइड, उपयोगी पडत नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवावी, तिचे काम पुढे आहे.

यानंतरचे नाव डॉ. मुहम्मद युनूस यांचे. बांगलादेशचे नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ ते हे नव्हेत. हे डॉ. युनूस अमेरिकेत पिओरिया येथे, इलिनॉय विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात संधिवाततज्ज्ञ होते. १९८१ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी ५० रुग्णांची तुलना वय आणि लिंगाने मिळत्याजुळत्या ५० निरोगी व्यक्तींशी केली. तोवर प्रत्येक डॉक्टर आपापल्या अनुभवावर बोलत होता, आता दोन रांगा शेजारी ठेवून मोजणी झाली. अंगभर दुखणे, थकवा, ताजेतवाने न करणारी झोप, डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी, सूज आल्यासारखे वाटणे, मुंग्या येणे ही लक्षणे एकत्र येतात आणि निरोगी लोकांपेक्षा या रुग्णांत ठळकपणे जास्त आढळतात, हे दिसले. विखुरलेल्या तक्रारींचे एक चित्र तयार झाले. पुढे 'केंद्रीय संवेदनशीलते'चा विचारही डॉ. युनूस यांनी नेटाने मांडला.

अठरा बिंदूंपासून प्रश्नावलीपर्यंत

१९९० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने निकष ठरवले. फ्रेडरिक वुल्फ यांच्या नेतृत्वाखाली अमेरिका व कॅनडातील १६ केंद्रांनी २९३ रुग्ण आणि तुलनेसाठी २६५ इतर व्यक्ती तपासल्या. निकष असा ठरला की तीन महिने अंगभर वेदना हवी, आणि शरीरावरील १८ ठरावीक बिंदूंपैकी किमान ११ बिंदू सुमारे ४ किलोच्या दाबाने दुखायला हवेत. अंगठ्याचे नख पांढरे पडेल इतका हा दाब असतो.

संशोधनाला यामुळे पाया मिळाला, पण दवाखान्यात अडचणी आल्या. दहा बिंदू दुखणाऱ्याचे काय करायचे? बिंदू नीट दाबायला शिकलेले डॉक्टर किती? पुरुषांचे बिंदू तुलनेने कमी दुखतात म्हणून ते यादीतून गळत. आणि थकवा, झोप, विसराळूपणा यांना या मोजणीत जागाच नव्हती. खुद्द वुल्फ यांनी पुढे या निदानाबद्दल जाहीर शंका व्यक्त केल्या. वाद अजून संपलेला नाही, हेही वाचकांनी जाणून घ्यावे.

२०१० मध्ये बिंदूंची सक्ती गेली. शरीराचे १९ भाग ठरवून गेल्या आठवड्यात कुठे कुठे दुखले हे विचारले जाऊ लागले. थकवा, न ताजवणारी झोप आणि स्मरण-एकाग्रतेचा त्रास यांना प्रत्येकी ० ते ३ गुण मिळाले. २०१६ च्या सुधारणेत शरीराच्या पाच विभागांपैकी किमान चार विभागांत वेदना हवी असे ठरले. आणखी एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली. दुसरा आजार असला म्हणून फायब्रोमायल्जिया नाकारता येत नाही. मधुमेह किंवा संधिवात असलेल्या माणसालाही हा आजार असू शकतो. थोडक्यात, बोटाने दाबण्याच्या जागी रुग्णाला विचारणे आले. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, हा आजार दीर्घकालीन प्राथमिक वेदनेच्या गटात आहे. म्हणजे वेदना हाच तिथे आजार मानला आहे.

मग बिघाड आहे तरी कुठे?

२००२ मध्ये रिचर्ड ग्रेसली, डॅनियल क्लॉ आदींनी १६ रुग्ण आणि १६ निरोगी व्यक्तींच्या अंगठ्याच्या नखावर दाब देत त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. निरोगी माणसाच्या मेंदूतील वेदनेची केंद्रे जितक्या जोरदार दाबाने जागी होत, तितकी रुग्णांत हलक्या दाबानेच जागी होत होती. बाई 'दुखतंय' म्हणते तेव्हा तिचा मेंदूही तेच सांगत होता.

शाळेच्या मैदानावरचा माईक आठवा. ॲम्प्लिफायरचा आवाज फार वाढवला की बोलणाऱ्याचा श्वाससुद्धा घुमतो. माईक खोटे बोलत नाही, पण बारीक आवाज मोठा करून सोडतो. फायब्रोमायल्जियात मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश असेच वाढवतात, असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. हे शेवटचे उत्तर नाही. २०२१ मध्ये लंडन, लिव्हरपूल आणि स्टॉकहोमच्या संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदरांना दिली तेव्हा उंदरांची वेदनेची संवेदना वाढली. म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेचाही काही भाग असू शकतो. शोध चालू आहे.

आपल्या घरात ओळखायचे कसे

१९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघरी जाऊन हाडा-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली. ४ हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना असे दुखणे होते. म्हणजे साधारण प्रत्येक पाच-सहा माणसांमागे एक. त्या सगळ्यांना फायब्रोमायल्जिया होता असा याचा अर्थ नाही. अंगदुखी ही शहरी, सुखवस्तू बायकांची तक्रार आहे हा समज मात्र त्यातून खोटा ठरतो.

शंका कधी घ्यावी? तीन महिन्यांहून जास्त काळ कमरेच्या वर आणि खाली, डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना दुखत असेल, झोपून उठल्यावरही थकवा असेल, लक्ष लागत नसेल, शब्द आठवत नसतील, सोबत डोकेदुखी, पोटात मुरडा, हातापायांत मुंग्या, थंडी-आवाज-उजेड सहन न होणे असे त्रास असतील, आणि दुखणे कधी जास्त कधी कमी होत असेल, तर डॉक्टरांशी या आजाराविषयी बोलावे.

पण स्वतःच निदान करून मोकळे होऊ नये. आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते आणि तिनेही अंग व हाडे दुखतात. थायरॉइड कमी पडणे, रक्त कमी असणे, संधिवात, ल्यूपस, चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने राहणारे सांधेदुखीचे दुखणे, काही औषधांचे परिणाम, हे सारे आधी पाहावे लागते. फायब्रोमायल्जियात सांधे वाकडे होत नाहीत आणि खरोखर सुजत नाहीत. सांधा सुजून गरम होणे, ताप, वजन उतरणे, एका हातापायात ताकद कमी होणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, ही लक्षणे वेगळ्या आणि तातडीच्या आजाराची असू शकतात. तिथे थांबू नये.

'रिपोर्ट नॉर्मल' याचा अर्थही नीट समजून घ्यावा. फायब्रोमायल्जिया दाखवणारी रक्ततपासणी आज नाही. नॉर्मल रिपोर्ट दुसरे आजार बाजूला सारतो. तो वेदना खोटी ठरवत नाही.

उपचार आणि घरचे लोक

हा आजार जीव घेत नाही, पण पूर्ण बरा होईल असे आश्वासन देणाऱ्यापासून सावध राहावे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या शिफारशींत सर्वांत ठाम शिफारस एकाच उपचाराची होती, व्यायामाची. मिचेल यांच्या विश्रांती उपचाराच्या अगदी उलट. अर्थात पहिल्याच दिवशी तासभर चालणे नव्हे. रोज दहा मिनिटे, मग सावकाश वाढवणे. झोपेची वेळ ठरवणे, गरज असल्यास समुपदेशन, आणि डॉक्टरांना योग्य वाटल्यास प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन यांसारखी औषधे. ती सगळ्यांना सारखी लागू पडत नाहीत.

बिननावाच्या पुड्या मात्र घेऊ नयेत. 'एका डोसात अंगदुखी गायब' म्हणणाऱ्या काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असते. त्याने चार दिवस बरे वाटते, पुढे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि मूळ दुखणे तिथेच राहते. हेंच बाप-लेकांची गोष्ट इथे कामाला येते.

आपल्या घरांपुरते आणखी दोन शब्द. उभे राहणे, रुकू किंवा सजदा शक्य नसेल तर बसून नमाज पढण्याची मुभा दीनने दिलेली आहे. ती घेणाऱ्या बाईकडे 'कालपर्यंत तर ठीक होती' अशा नजरेने पाहू नये, कारण या आजारात काल आणि आज सारखे नसतात. रमजानमध्ये सहरीसाठी सर्वांत आधी उठणारी आणि रात्री सर्वांत शेवटी झोपणारी बहुधा घरातली बाईच असते. तुटलेल्या झोपेने काय होते हे टोरंटोच्या प्रयोगशाळेत निरोगी माणसांवरही दिसले होते. सहरीचे काम घरच्यांनी वाटून घेणे हा उपचाराचाच भाग आहे. औषधे चालू असतील तर ती आपल्या मनाने बंद करू नयेत, रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून वेळा बदलून घ्याव्यात.

आणि दवाखान्यात जाण्यापूर्वी दोन आठवडे एका वहीत रोज लिहावे : आज कुठे दुखले, कसे दुखले, किती तास झोप झाली, उठल्यावर कसे वाटले, काय केल्याने वाढले. ठणका असेल तर ठणका लिहावे, टीस असेल तर टीस. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी घरातल्या शाळकरी मुलाने लिहावे. आज हे निदान मुख्यतः विचारपूस आणि तपासणीवरच होते, म्हणून त्या वहीला किंमत आहे. आणि ती लिहिताना मुलगा दोन आठवडे रोज पाच मिनिटे अम्मीचे ऐकेल.